फ्रान्सचं सरकार आमच्या मंडईत

फ्रान्सचं सरकार पडलं तेव्हा सगळ्यात जास्त त्रास आमच्या घराला झाला, असं मी म्हटलं की शाळेतल्या बाया हसतात. हसोत बापड्या. त्यांच्या घरचा सकाळचा चहा त्या सरकारापायी बंद पडला नव्हता. आमचा पडला होता, आणि तो पुन्हा सुरू होतो की नाही या काळजीत सासूबाईंची सगळी मंडई गेली.

आधी चहाचं सांगते. सासूबाईंचं माहेर आणि सासर एकाच गावात, आरमोरीपासून सायकलच्या अंतरावर. माहेर खालच्या मोहल्ल्यात, सासर वरच्या, आणि मधे बोडी, म्हणजे गावाचं छोटं तळं. त्या नवी नवरी होऊन आल्या तेव्हा या घरात एकच कपबशी होती. भाऊ रोज सकाळी बहिणीला पाहायला यायचा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, कपातून प्यायचे आणि साळेबुवांना, म्हणजे या भावाला, बशीत ओतून द्यायचे. आता घरात कपांची अख्खी फळी भरलेली आहे, त्यात शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला मिळालेले मगही आहेत, पण या दोघा म्हाताऱ्यांचा चहा अजून त्याच पद्धतीने होतो. कप यांचा, बशी त्यांची. पिताना कोणी बोलत नाही. दोघं नुसते फुरके मारतात, आणि तो आवाज ऐकून बाकीचं घर उठतं.

आता मंडईचं. दिवाळी आटोपली की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, घरोघर लेकी-जावई-सोयरे, आणि रात्रभर नाटक. नाटक नाही त्या मंडईला जावई दुसऱ्या वर्षी येत नाहीत, इतकं ते महत्त्वाचं. मी सांगते त्या मंडईच्या आदल्या वर्षी आमच्या नाट्यमंडळाने गावातल्याच एका हौशी लेखकाचं नाटक केलं होतं. त्यात एक गिरणीवाला होता आणि तो धान मोजताना काटा मारायचा. आमच्या गावातही एक धान गिरणी आहे आणि तिचे मालक पहिल्या रांगेत सहकुटुंब बसले होते. दुसऱ्या अंकात खुर्च्या उडाल्या. तिसरा अंक पोलीस पाटलांनी एकट्याने केला.

म्हणून या खेपेला जाणत्या लोकांनी अट घातली की नाटकात इथलं कोणी नको. गावातलं नको, तालुक्यातलं नको, जिल्ह्यातलं नको, आणि मुंबई-दिल्लीचं तर अजिबात नको, कारण तिथला प्रत्येक जण गावात कोणाचा ना कोणाचा असतो. असं नाटक लिहिणार कोण, तर शाळेत इतिहास शिकवणारी बाई गावात एकच. मी जराही आढेवेढे न घेता सांगितलं, फ्रान्सवर लिहिते.

नववीच्या पोरांना फ्रेंच राज्यक्रांती शिकवून शिकवून माझा त्या देशाशी असा घरोबा झालेला आहे की तिकडची बातमी मी माहेरची असल्यासारखी वाचते. आणि त्या दिवसांत बातम्याही काय झकास येत होत्या. सभागृहात तीन मोठे गट, एकाकडेही एकट्याने राज्य चालवण्याएवढी माणसं नाहीत. पंतप्रधान नेमायचा, तो पडायचा, दुसरा नेमायचा, तोही पडायचा. एक जण तर आमच्या वालाच्या वेलाला फूल धरायच्या आत गेला. आणि या सगळ्या गोंधळात मधल्या गटाचा नेता, जो वर्षानुवर्षं सांगत आला होता की मी ना इकडचा ना तिकडचा, तो हळूहळू उजवीकडे सरकायला लागलेला. मला ते वाचून हसूही यायचं आणि त्याची दयाही यायची. मी तोच धागा धरला, नेता पुष्कळसा मनाने रचला, आणि तीन अंक लिहून काढले.

मंडळाच्या बैठकीत मी आधी सगळ्यांना नीट समजावलं. डावे-उजवे ही भाषाच मुळी तिथून आली, सभागृहात कोण कुठल्या बाजूला बसायचं त्यावरून, हेही सांगितलं. सगळे गंभीरपणे ऐकत होते. शेवटी गिरणीवाल्यांनी एकच प्रश्न विचारला, फ्रान्समध्ये धान होतं का. मी म्हटलं, थोडंफार असेल, पण तिथे मुख्य पीक गहू. मग चालते, असं ते म्हणाले आणि नाटक मंजूर झालं.

पात्रं ठरवताना माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. मांडवाचा खर्च गिरणीवाल्यांचा, तेव्हा त्यांना मोठं काम देणं भाग होतं. ते वरच्या मोहल्ल्याचे पुढारी. त्यांना उजव्या गटाचा नेता केलं. मग खालचा मोहल्ला म्हणाला की आमचाही मोठा माणूस पाहिजे. त्यांचे पुढारी म्हणजे आमचे साळेबुवा. त्यांना डाव्या गटाचा नेता केलं. उरला मधला. मधे बसू शकेल आणि दोन्हीकडून शिव्या खाणार नाही असा माणूस गावात एकच, मामाजी. तारुण्यात त्यांनी राणीची कामं केली होती, अजूनही कोणी पाहत असलं की ते पदर सावरल्यासारखा खांद्यावरचा दुपट्टा सावरतात. माझं नाटक फ्रान्सचं होतं आणि फ्रान्स लांब होतं. मी खुशीत घरी आले आणि पोहे केले.

पण मंडईनंतर गावात ग्रामसभा होती आणि तिच्यात तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष ठरायचा होता. गावातले तंटे मिटवणारी ही समिती, आणि तिच्या अध्यक्षपदावरून जेवढे तंटे होतात तेवढे बांधावरूनही होत नाहीत. मामाजी पुष्कळ वर्षं अध्यक्ष होते, कारण ते कोणाचेच नव्हते. या वर्षी मात्र दोन्ही मोहल्ल्यांना आपापला माणूस हवा होता आणि मधल्या माणसाच्या मागे मोजकीच डोकी उरली होती. गिरणीवाल्यांनी निरोप पाठवला होता, आमच्याकडे या, खुर्ची तुमचीच राहील. मामाजी त्यावर हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. 'पाहू' म्हणाले होते. हा निरोप गावात सगळ्यांना माहीत होता, फक्त मी नाटक लिहिण्यात दंग होते.

तालमी शाळेत सुरू झाल्या त्या उन्हं असतानाच. त्या वर्षी हत्तींचा कळप रात्री धानाच्या बांध्यांत उतरत होता आणि जंगलाच्या कडेला वाघीण फिरत होती, म्हणून अंधार पडल्यावर कोणी बाहेर राहू नये अशी दवंडी फिरली होती. मंडळाने ठरवलं की नाटकही दिवसाच करायचं, दुपारच्या जेवणानंतर. गावाच्या आठवणीत पहिल्यांदा. वडसाहून बोलावलेली नटी आली ती वैतागूनच. तिला मी सभागृहाची अध्यक्ष केली होती, आणि तिचा पहिला प्रश्न होता की माझा नाच कुठल्या ठरावानंतर आहे. नाचाशिवाय नाटक गावाला चालत नाही, म्हणून फ्रान्सच्या सभागृहात प्रत्येक सरकार पडल्यावर अध्यक्षबाई एक नाच करतील असं ठरलं. तिथे सरकारं भराभर पडत असल्यामुळे तिची काही तक्रार राहिली नाही.

मामाजींचा कोट आरमोरीच्या टेलर मास्तरांनी एका जुन्या शेरवानीतून काढला. भूमिका समजून घेतल्याशिवाय ते कापडाला कात्री लावत नाहीत. मी त्यांना सांगितलं की हा माणूस दोन अंक मधे बसतो आणि तिसऱ्या अंकात उजवीकडे जातो. मास्तरांनी दात कोरत विचार केला. "बाई, शेवटी सरकना है ना उसको, तो बगल में ढीला रखता हूँ," ते म्हणाले. पडदा रंगवणाऱ्याने पॅरिसचा लोखंडी मनोरा काढला, तो हुबेहूब बोडीच्या पाळीवरच्या मोबाईल टॉवरसारखा झाला. हातभर लांब पाव आरमोरीत मिळेना, म्हणून बांबूला पोत्याचं कापड गुंडाळून त्याला गेरू फासला. तालमीला येताना मी रस्त्यात एकटीच हसायचे, इतकं सगळं छान चाललं होतं.

अडलं ते तिसऱ्या अंकात. मधल्या नेत्याने भाषण करायचं, मग मधल्या बाकावरून उठून उजव्या बाकापर्यंत चालत जायचं आणि बसायचं. मामाजी भाषण सुरेख करायचे, पण उठायचे नाहीत. त्या दिवशी उठीन, एवढंच म्हणायचे. तालमी पाहायला अर्धं गाव खिडक्यांना लटकलेलं असायचं. एकदा ते नुसते पाय मोकळे करायला उठले, तर खिडकीतला वरचा मोहल्ला टाळ्या वाजवायला लागला. मामाजी दचकून खाली बसले, मग खालचा मोहल्ला टाळ्या वाजवायला लागला. तेव्हा मला कळलं की मी काय लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुरक्याचा आवाज आला नाही. साळेबुवा चहाला आलेच नव्हते. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. तालमीला यायचे, डाव्या बाकावर बसून मामाजींना देशद्रोही म्हणायचे, तेवढं मी लिहून दिलं होतं, आणि मग आमच्या दारावरून मान वळवून निघून जायचे. सासूबाई रोज तेवढाच चहा टाकायच्या. मामाजी कप घेऊन ओट्यावर बसायचे आणि बशीत ओतलेला चहा तसाच निवत पडायचा. घर उशिरा उठायला लागलं आणि माझी शाळेची वेळ चुकायला लागली.

एका संध्याकाळी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. नाटकाचा शेवट बदल, त्यांनी सांगितलं. मी चिडले. मी म्हटलं, तिकडचा नेता सरकला तो सरकला, मी इतिहासाची बाई आहे, मला असं कुणाच्या सोयीने लिहिता येत नाही. खरं तर गिरणीवालेही त्याच दुपारी येऊन बजावून गेले होते की शेवटाला हात लावायचा नाही, आणि दोन्हीकडून सांगणारे आले की मला हट्ट चढतो. सासूबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुह्या फ्रान्सचा मले काई घेनं-देनं नाई," त्या म्हणाल्या. "पन माह्या भावानं या घराचा उंबरा सोडला, तं मी माहेरी कोन्या तोंडानं जाऊ?"

माहेर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, बोडीपलीकडे त्यांच्या भावाच्या घराची कौलं दिसत होती, आणि त्या ते कायमचं जाईल म्हणून घाबरल्या होत्या. मला त्यांची फार माया आली आणि स्वतःचा रागही आला.

मी मामाजींना गाठलं. ते परसात वालाच्या मांडवाला आधार देत होते. सरळच विचारलं, तुम्ही खरंच तिकडे जाणार का. त्यांनी दोरीची गाठ पक्की केली.

"सूनबाई, मधात बसाचा फार थकवा येते," ते म्हणाले. "इकडचे म्हनतात तू तिकडचा, तिकडचे म्हनतात तू इकडचा. मराच्या आधी एकदा कोनाचा तरी होऊन पाहावा म्हनतो."

आणि साळेबुवा, मी विचारलं.

"त्याचाच तं भेव आहे," ते म्हणाले आणि दुसरी गाठ मारायला लागले.

मंडईचा दिवस उजाडला. प्रत्येक घरात पाहुणे मावेनात, जिलेबीच्या कढया, फुगे, बांगड्या, पाळणे, सगळीकडे धूळ आणि गलका. दुपारी मांडव गच्च भरला. वरचा मोहल्ला उजव्या बाकासमोर बसला, खालचा डाव्या बाकासमोर, आणि मधे पाहुणे, ज्यांना वाटत होतं की हे नाटक आहे. भर उन्हात पडदा उघडला. रंग वितळून गिरणीवाल्यांची फ्रेंच मिशी हनुवटीवर आली. पहिलं सरकार पडलं, अध्यक्षबाई नाचल्या, दुसरं पडलं, पुन्हा नाचल्या, लोकांनी वन्स मोअर घेतला म्हणून दुसरं सरकार आम्हाला परत एकदा पाडावं लागलं. एक बकरी चढून बांबूचा पाव चाटून गेली. मी विंगेत वही धरून उभी होते, मला वाक्यं सांगायचं काम होतं, आणि हसून हसून माझा आवाज बसला होता.

इथे आमच्याकडच्या बक्षिसाची रीत सांगायला हवी. नाटक चालू असताना कोणाला एखाद्याचं काम आवडलं की तो मांडवातल्या माईकपाशी बक्षीस नेऊन देतो. माईकवाला तिथेच नाटक थांबवतो, देणाऱ्याचं घर सांगतो, आणि नटाने जिथे असेल तिथून हात जोडून ते स्वीकारायचं. मरणाच्या प्रसंगातही ही सूट नाही. मी नायिकेला मरता मरता उठून नारळ घेताना आणि मग पुन्हा मरताना पाहिलेलं आहे. बक्षीस नाकारणं हा मोठा अपमान, आणि वस्तू हातात घेतल्याशिवाय नटाने हलायचं नाही. लेखिका म्हणून मला या रीतीचा मनापासून संताप यायचा.

तिसऱ्या अंकात मामाजींनी भाषण केलं. ते उठले. पहिलं पाऊल उजवीकडे टाकलं. त्याच क्षणी माईक खरखरला, आणि खालच्या मोहल्ल्याकडून नेत्याच्या अभिनयाबद्दल एक नारळ जाहीर झाला. मामाजी थांबले, हात जोडले, नारळ घेतला. दुसरं पाऊल उचलणार तोच खालच्या मोहल्ल्याकडून टोपलीभर शिंगाडे. मग एक दुधी भोपळा. तेव्हा कुठे वरच्या मोहल्ल्याच्या लक्षात आलं की हे बक्षीस देत नाहीत, हे माणूस अडवून धरताहेत. त्यांनी तडक शाल जाहीर केली, नेत्याने हिंमत करून पुढचं पाऊल टाकावं म्हणून. पण शाल घ्यायलाही थांबावंच लागतं. खालच्यांनी जिवंत कोंबडा दिला, नेत्याने आहे तिथेच शोभून दिसल्याबद्दल. वरच्यांनी गुळाची भेली दिली. पाहुणे बेभान झाले होते, त्यांना काही माहीत नव्हतं, तरी तेही द्यायला लागले. फ्रान्सच्या सभागृहाच्या मधोमध माझे सासरे शाल पांघरून, काखेत कोंबडा, दुसऱ्या काखेत दुधी, कोटाच्या खिशांत शिंगाडे, असे उभे होते. बगल ढिली ठेवल्याबद्दल मी मनातल्या मनात मास्तरांचे आभार मानले. अध्यक्षबाई टेबलावर मांडी घालून शिंगाडे सोलत होत्या.

पहिला नारळ जाहीर झाला तेव्हाच सासूबाई बायकांमधून उठून निघून गेल्या होत्या. मी विंगेतून पाहिलं होतं. मला वाटलं, त्या रडायला घरी गेल्या.

ऊन कलायला लागलं. फॉरेस्ट गार्ड उभा राहून म्हणाला की हत्ती बोडीपलीकडच्या जंगलात आहेत, अंधाराच्या आत आटपा. माईकवाल्याचा घसा बसला होता. दोन्ही मोहल्ले अजून सामान आणायला माणसं घरी पाठवत होते. आणि तेवढ्यात सासूबाई आल्या. हातात ताट, त्यावर झाकण. त्या कोणाकडे न बघता माईकपाशी गेल्या आणि माईकवाल्याच्या हातून माईक स्वतःच घेतला. आमच्या गावात बाईने माईक घेतलेला मी तोवर पाहिला नव्हता, नटी सोडून.

"खालच्या मोहल्ल्याची लेक आन् वरच्या मोहल्ल्याची सून," त्या म्हणाल्या. "माह्याकडून नेत्याले एक कप चहा. गरम आहे, आत्ताच घ्यावा."

ताटात घरचीच कपबशी होती, तीच. मामाजींनी कोंबडा अध्यक्षबाईंकडे दिला, दुधी बाकावर ठेवला आणि ताट घेतलं. माझ्या वहीत पुढचं वाक्य होतं, 'मित्रांनो, मी येतो आहे,' आणि ते उजव्या बाकाकडे पाहून म्हणायचं होतं. मी ते हळूच सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. कपाकडे बघत राहिले. मग कप तिरका करून अर्धा चहा बशीत ओतला. थोडा चहा शालीवर सांडला. आणि ते वळले आणि डाव्या बाकाकडे चालत गेले.

साळेबुवा हाताची घडी घालून तोंड फिरवून बसले होते, तसं बसायला मीच सांगितलेलं. त्यांच्यासमोर बशी आली.

"हे नाटकात आहे का?" त्यांनी विचारलं. बाकाच्या वरच माईक लोंबकळत होता, त्यामुळे ते सगळ्या मंडईने ऐकलं.

"नाई," मामाजी म्हणाले. "धर. निवून राह्यला."

साळेबुवांनी बशी धरली. आणि मग लाऊडस्पीकरमधून, पाळण्यांवरून, जिलेबीच्या कढयांवरून, बोडीच्या पाण्यावरून दोन फुरके ऐकू आले, एक कपाचा आणि एक बशीचा. मांडवात कोणी टाळी वाजवली नाही. मी विंगेचा बांबू धरून रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम होत होतं.

बशी रिकामी झाल्यावर मामाजींनी मिशा पुसल्या, कप हातात तसाच ठेवून सरळ चालत उजव्या बाकाकडे गेले, 'मित्रांनो, मी येतो आहे' म्हणाले आणि गिरणीवाल्यांशेजारी बसले. पडदा पडताना अर्ध्यावर अडकला. पाहुण्यांनी शिट्ट्या मारल्या. जावई म्हणाले, असं नाटक त्यांनी जन्मात पाहिलं नाही.

तुम्हाला वाटेल की चहा पिऊन मामाजींचं मन पालटलं. मलाही तसंच वाटलं होतं, आणि सासूबाईंना तर नक्कीच. ग्रामसभेत मामाजी उठले आणि वरच्या मोहल्ल्याच्या लोकांत जाऊन बसले, खरेखुरे. खुर्ची त्यांना मिळाली. साळेबुवा विरोधात बोलले ते असं बोलले की माझं तिसऱ्या अंकातलं भाषण त्यापुढे मिळमिळीत वाटावं. मधात बसणारा माणूस सावली पाहून सरकला, असं ते म्हणाले, आणि आणखी पुष्कळ काही म्हणाले, जे इथे लिहिता येत नाही. मामाजी खाली मान घालून ऐकत होते. परत येताना सासूबाई बोडीच्या पाळीवर थांबल्या, माहेराकडे बघितलं आणि घरी आल्या.

सकाळी त्यांनी चूल पेटवली ते मला ऐकू आलं. मी जागीच होते, पांघरूण डोक्यावरून घेऊन पडले होते. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला, कप ठेवल्याचा, बशी ठेवल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. कोंबडा आरवला, तोच बक्षिसाचा, तो आता आमच्या परसात असतो. मी उठून खिडकीशी गेले. मामाजी ओट्यावर कप धरून बसले होते आणि बशी शेजारी होती. बोडीच्या पाळीवरून साळेबुवा येत होते, हळूहळू, अजून रागावल्यासारखे. ते आले आणि मामाजींकडे पाठ करून बसले.

"काल तुह्या विरोधात बोललो," ते म्हणाले.

"ऐकलो," मामाजी म्हणाले.

"अजून बोलीन."

"बोल. बशी धर."

मी पुन्हा अंथरुणात जाऊन पडले आणि डोळे मिटून घेतले. फुरका आला. मग दुसरा आला. सासूबाई आत आल्या आणि त्यांनी माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"उठ वं," त्या म्हणाल्या, "सकाळ झाली."